निमज्जन आणि बुडीत जहाजे : ठाणे–कल्याण खाडी व कोकण किनारा

समुद्र, खाडी वा सरोवर यांच्या पृष्ठभागाखाली उतरून तेथे काही काळ संचार करण्याच्या क्रियेस निमज्जन म्हणतात. मोती, शंख, स्पंज, वाळू किंवा बुडालेला माल वर काढणे हा तिचा जुना हेतू होय. प्रवाळ, मासे व बुडीत जहाजांचे अवशेष हौसेने पाहणे हा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. उष्ण कटिबंधातील उथळ, उबदार व नितळ समुद्रांत ही हौस झपाट्याने पसरली. महाराष्ट्रात तिचे प्रमुख केंद्र मालवण परिसर हे आहे. तथापि ज्या भागाचा नौकानयनाचा इतिहास प्राचीन गणला जातो, त्या ठाणे–कल्याण परिसराच्या इतिहासात पाणबुड्यांच्या शोधांची भर जवळजवळ पडलेली नाही. या विसंगतीची कारणे अंशतः भौगोलिक आणि अंशतः मानवनिर्मित आहेत.

निमज्जनाचा सर्वांत साधा प्रकार स्नॉर्केलचा. तोंडात धरलेल्या वाकड्या श्वसननळीचे टोक पाण्याबाहेर ठेवून आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून पृष्ठभागालगत पोहत तळ न्याहाळावयाचा, एवढेच त्याचे स्वरूप. खोल उतरण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तांब्याचे शिरस्त्राण, जलाभेद्य पोशाख आणि वरून नळीने हवा पुरविणारा पंप अशी जड सामग्री प्रचारात आली. ऑगस्ट झीबे याने १८३०–४० या दशकात सिद्ध केलेला पोशाख जगभरच्या बंदरांतील पाणबुडे शतकभर वापरीत होते. त्यात माणूस नावेशी बांधलेला असे. १९४३ मध्ये झाक कूस्तो व एमील गान्यां या फ्रेंचांनी भोवतालच्या दाबाबरहुकूम हवा पुरविणारा नियंत्रक तयार केला आणि पाठीवरील टाकीतील संपीडित हवेवर मुक्तपणे पोहणे शक्य झाले. हीच स्कूबा पद्धती. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. वाढत्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, पाणबुड्या घाईने वर आल्यास, बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो व प्राणावर बेतू शकते. म्हणून हौशी पाणबुड्यांसाठी सामान्यतः ४० मी. ही मर्यादा मानली जाते.

उल्हास नदी कल्याणपाशी भरतीच्या पाण्याला मिळते. तेथून डोंबिवली, मुंब्रा असे करीत ती ठाण्याच्या ईशान्येस साष्टी बेटाला येऊन भिडते. तिचा मुख्य ओघ पश्चिमेकडे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळतो, तर दक्षिणेकडील ठाण्याची खाडी मुंबईच्या बंदरात उघडते. सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत गलबताने पोहोचता येईल आणि वादळात सुरक्षित राहता येईल अशी ही जागा. इ. स. पहिल्या शतकातील *पेरिप्लस* या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा ‘कल्लिएना’ म्हणून उल्लेख आहे. तेथील व्यापार एके काळी राजमान्य होता, परंतु पुढे त्यावर निर्बंध आले आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दात्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या पेठांत कल्याणची गणना केली असून तेथून पितळ, लाकूड व कापड निर्यात होई असे नमूद केले आहे.

ठाणे म्हणजे श्रीस्थानक ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. खलीफा उमरच्या कारकीर्दीत, सु. ६३६ मध्ये, अरबांनी भारताच्या किनाऱ्यावर जी पहिली सागरी स्वारी केली ती ठाण्यावर. शिलाहारांचा शेवटही समुद्रावर झाला. देवगिरीचा यादव राजा महादेव याने सु. १२६५ मध्ये शिलाहार सोमेश्वराचा पाठलाग केला. सोमेश्वर आपल्या नौकांसह समुद्रात बुडून मेला, आणि महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला वडवानल बरा वाटला, असे हेमाद्रीने राजप्रशस्तीत काव्यमय भाषेत वर्णिले आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची युद्धे कोरलेली असून त्यांपैकी काहींचा संबंध काही अभ्यासक याच लढाईशी जोडतात. राजा, आरमार व रणक्षेत्र या तिन्हींची नावे ठाऊक असलेली अशी जलसमाधी मध्ययुगीन भारतात विरळाच. दगडावर ती शिल्लक आहे. पाण्याखाली तिचा मागमूस मिळालेला नाही.

१६५७ मध्ये कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर त्या खाड्यांत मराठी आरमाराच्या नौकांची बांधणी सुरू झाली. सुमारे वीस युद्धनौका तेथे बांधल्या जात असल्याच्या वार्तेने वसईचे पोर्तुगीज अधिकारी अस्वस्थ झाल्याचे १६५९ च्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. या कामावर असलेल्या रुई लैतांव व्हियेगस या कारागिरास त्यांनी आपल्या लोकांसह काम सोडून जाण्यास प्रवृत्त केले. आरमार तरीही उभे राहिले, कारण हाताखालचे कसब स्थानिकांचे होते आणि लाकूड मागच्या डोंगरांतले. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो मराठ्यांकडून हल्ला करून जिंकला व या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन प्राणघातक जखमी झाला. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग आल्यावर मालाने गलबत सोडून आगगाडी धरली. खाडीत गाळ साचत गेला. डोंबिवलीजवळ मोठागाव, त्याचप्रमाणे मुंब्रा व कल्याण येथील धक्क्यांना आज ‘रेतीबंदर’ म्हणतात. बंदर हा शब्द टिकला, माल तेवढा बदलला.

एवढा दीर्घ वापर झालेल्या जलमार्गाच्या तळाशी नौका, नांगर, तोफा व मालाची भांडी असणारच. पण पाणबुड्याला तेथे आपला पसरलेला हातही दिसत नाही. मुंबई परिसरात उधाणाची भरती सुमारे पाच मीटरपर्यंत चढते. हे पाणी दिवसातून दोनदा आत येते व दोनदा बाहेर जाते आणि प्रत्येक वेळी तळचा मऊ गाळ ढवळून काढते. पावसाळ्यात उल्हास नदी घाटमाथ्याची माती आणून टाकते. त्यात गेल्या शतकापासून कारखान्यांचे व नगरांचे सांडपाणी मिसळले. प्रवाळाला नितळ, खारे पाणी व कठीण तळ लागतो. येथे तिन्हींचा अभाव. ठाण्याच्या खाडीला तिवरे आणि चिखलातील जीव मानवतात व त्यांवर जगणारे रोहित पक्षी. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. पक्ष्यांच्या दृष्टीने संपन्न असलेला हा चिखल पाणबुड्याला आंधळा करतो.

खाडी ज्या बंदरात उघडते तेथेही हाच अनुभव आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके व कापसाच्या गासड्या भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली. जहाजावर सोन्याच्या १२४ लगडीही होत्या. काही लगडी दूरवर उडून पडल्या, उरलेल्यांपैकी कित्येक गोदीच्या चिखलात रुतल्या आणि पुढे अनेक वर्षे गाळ उपसताना अधूनमधून सापडत राहिल्या. त्या शोधण्याचे काम डोळ्यांनी नव्हे, गाळ उपसणाऱ्या यंत्राने केले. मराठी माणसाच्या स्मरणात अधिक खोल रुतलेली दुर्घटना १७ जुलै १९४७ ची. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट ऐन पावसाळ्यात काशाच्या खडकानजीक बुडून सहाशेहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. कोकणी कुटुंबांत तिच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. परंतु अन्य देशांत अशा जागा निमज्जनाची तीर्थक्षेत्रे होतात तशी ही झाली नाही. गढूळ पाणी हे त्याचे एक कारण. एवढ्या माणसांच्या जलसमाधीवर हौसेने जावे काय, हा दुसरा प्रश्न, आणि तो जगातील प्रत्येक बुडीत उतारू-जहाजासंबंधी उपस्थित होतो.

दक्षिणेकडे जावे तसे खाड्यांबाहेरील पाणी निवळत जाते आणि खडक पाण्याच्या पृष्ठभागालगत येतात. नौकांचा घात करणारे खडकच पुढे त्यांचे अवशेष दाखवितात. गोव्याच्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६) शि. रं. राव यांच्या प्रेरणेने १९८१ च्या सुमारास सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. द्वारकेच्या शोधामुळे त्यास प्रसिद्धी मिळाली. परंतु बुडीत जहाजांच्या अभ्यासाच्या दृष्टीने गोव्याच्या समुद्रातील काम अधिक बोधप्रद आहे. मुरगाव उपसागराच्या परिसरातील सुंची खडकावर अवघ्या काही मीटर खोलीवर सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची निळी-पांढरी भांडी आणि मर्तबान येथील मोठ्या रांजणांचे तुकडे एकाच ठिकाणी आढळले. आफ्रिकेचे दात आणि चीन-ब्रह्मदेशाची भांडी यांच्या या सहवासावरून गोवा ही किती दूरवरच्या मालाची पेठ होती हे एखाद्या जकातवहीपेक्षा स्पष्ट कळते.

सेंट जॉर्ज खडकावरील अवशेष वेगळे आहेत. तेथे समुद्रतळावर कौले, विटा व खांबांचे मातीचे शिरोभाग पसरलेले असून त्यांवर बाझेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का व १८६५ हे वर्ष आहे. हीच ती मंगळुरी कौले. कोकणातील घरांवर, तसेच ठाणे-कल्याणकडील जुन्या वाड्यांवर व रेल्वेच्या इमारतींवर ती सर्रास दिसतात. शिक्क्यावरील वर्ष हे कारखान्याच्या स्थापनेचे असल्याने जहाज त्यानंतर बुडाले एवढेच म्हणता येते. नेमके कधी, हे त्यावरून ठरत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी : या जागी माल आहे, पण जहाजाचे लाकूड नाही. उष्ण समुद्रात उघड्या पडलेल्या लाकडात नौकाकृमी शिरतो आणि काही वर्षांतच फळ्या पोखरून टाकतो. खडकावर फुटलेल्या जहाजाचे दगड, धातू व भाजलेली माती एवढेच शिल्लक राहते. नौका कशी बांधली होती हा नौकानयनाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. आमी शोल्स येथील वाफेच्या इंजिनाच्या जहाजाचे अवशेष तुलनेने टिकले, ते लोखंडामुळे.

विजयदुर्गचा प्रश्न ठाण्यासारखाच आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी, पेशव्यांच्या संमतीने, तुळाजी आंग्रे याच्यावर चाल केली आणि किल्ल्याच्या आसऱ्याला उभे असलेले त्याचे आरमार जळून खाक झाले. कोकणचे सागरी सामर्थ्य एका दिवसात ज्या पाण्यात संपले ते वाघोटण खाडीचे मुख आहे आणि तेथेही गाळ आहे. त्या आरमाराची इंग्रजी वर्णने उपलब्ध आहेत. मराठ्यांची गुराबे व गलबते प्रत्यक्ष कशी होती हे सांगू शकेल असा सांगाडा मात्र हाती नाही.

मालवणची ख्याती बुडीत जहाजांसाठी नाही. १६६४–६७ मध्ये बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर विखुरलेली प्रवाळे, समुद्रशैवाल व रंगीत मासे हे तेथील आकर्षण होय. लक्षद्वीप वा अंदमान येथील अर्थाने ही प्रवाळभित्ती नव्हे. पावसाळ्यातील गोड्या पाण्याचा व गाळाचा मारा सोसून टिकलेल्या वसाहती आहेत. १९८७ मध्ये सु. २९ चौ. किमी. क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील गाभाक्षेत्र सु. ३ चौ. किमी. आहे. आपल्याला न विचारता समुद्रात रेघ ओढली गेली, अशी भावना मच्छीमारांत निर्माण झाल्याने या घोषणेस दीर्घकाळ विरोध झाला. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश होऊन त्यांचा तुकडा मोडून नेणेही गुन्हा ठरले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्नॉर्केल व त्यामागोमाग स्कूबा येथे आले. पुढे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्या काळात मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे येथून हजारो पर्यटक येतात आणि त्यांतील बहुतेकांनी पूर्वी समुद्रात कधी डोके बुडविलेले नसते. मासेमारीत होडी चालविणारे कित्येक तरुण आता प्रशिक्षित पाणबुडे झाले आहेत. ज्या खडकाला पूर्वी जाळे अडकू नये म्हणून टाळावयाचे, तोच खडक त्यांना अधिक उत्पन्न देतो. अभयारण्याविषयीच्या दृष्टिकोनात जो काही फरक पडला तो अधिसूचनेपेक्षा यामुळे, असे म्हणण्यास जागा आहे.

या वाढीची किंमतही आहे. होडीचा नांगर प्रवाळावर पडला तर अनेक दशकांची वाढ क्षणात मोडते आणि अननुभवी पर्यटक उभा राहण्यासाठी पाय टेकतो तो बहुधा प्रवाळावरच. माणसांच्या सुरक्षिततेकडेही पुरेसे लक्ष दिले गेले नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किमी. अंतरावर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडीत पठाराचा प्रदेश आहे. त्याचा सर्वांत उथळ भागही पाण्याखाली सुमारे वीस मीटर असल्याने आणि किनारा दूर असल्याने तेथील प्रवाळे अद्याप गर्दीपासून बचावली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये नौदलाने सेवेतून निवृत्त केलेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ बुडवून तिच्याभोवती कृत्रिम प्रवाळवस्ती व पर्यटनस्थळ निर्माण करण्याची योजना महाराष्ट्र शासनाने हाती घेतली. इतिहासाने न दिलेले बुडीत जहाज अशा रीतीने मुद्दाम निर्माण करण्याचा हा राज्यातील उल्लेखनीय प्रयत्न होय.

खऱ्या जुन्या जहाजांचा प्रश्न मात्र पुन्हा चिखलाकडे नेतो. दृष्टी रोखणारा गाळ लाकूड राखतो. त्यात प्राणवायू पोहोचत नाही व नौकाकृमी जगत नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज ४३७ वर्षांनी, १९८२ मध्ये, बाहेर काढता आले, ते त्याची एक बाजू गाळात पुरली गेल्यामुळे. केरळात अळप्पुळा जिल्ह्यातील कडक्करप्पळ्ळी येथे २००२ मध्ये किनाऱ्यापासून आत, जमिनीखालील चिखलात मध्ययुगीन नौकेचा मोठा सांगाडा मिळाला व पुढील वर्षी त्याचे उत्खनन झाले. तेथे पाणबुड्याची गरजच पडली नाही. एके काळच्या खाडीची जमीन झाली होती, इतकेच. उल्हास खाडीच्या काठी, भिवंडीपासून कल्याणपर्यंत, नेमकी अशीच भूमी आहे. शिलाहारांची अथवा शिवकालीन नौका आपल्या फळ्या, खिळे व दोरबंदांसह कोठे टिकली असेल, तर ती सुंचीसारख्या खडकावर नव्हे, या गाळात. ती शोधण्याची साधने म्हणजे तळाखालचे थर टिपणारी ध्वनियंत्रे व चुंबकमापके. पाणबुड्याचे काम त्यानंतरचे.

याच गाळावर गेल्या काही दशकांत दोन्ही बाजूंनी आक्रमण झाले. काठावर भराव घालून वस्ती वाढली आणि पात्रातून मुंबई, ठाणे व डोंबिवलीच्या इमारतींसाठी वाळू उपसली गेली. वाळू काढण्याच्या परंपरागत पद्धती दोन : हातपाटी आणि डुबी. डुबी पद्धतीत नावेतून तळापर्यंत रोवलेल्या दांड्याच्या आधाराने माणूस लोखंडी बालदी घेऊन खाली जातो, चाचपून ती भरतो आणि वरचे सोबती दोराने ती ओढून घेतात. खोली सुमारे बारा मीटरपर्यंत असते, म्हणजे शरीरावर पृष्ठभागावरील दाबाच्या दुपटीहून अधिक दाब असतो. मुखवटा नाही, टाकी नाही; छातीत धरलेला एक श्वास, आणि दिवसभरात अशा कित्येक खेपा. कानाचे पडदे व फुप्फुसे यांवर याचा परिणाम होतो. या कामात स्थानिक आगरी-कोळ्यांबरोबर परप्रांतांतून आलेले मजूरही असतात. ठाणे–कल्याण परिसरात निमज्जनाची परंपरा म्हणून काही असेल तर ती हीच, आणि हौशी निमज्जनाच्या इतिहासात तिची दखल क्वचितच घेतली जाते.

पुढे सक्शन पंप आले. पंपाची नळी तळाचा थर सरसकट ओढून घेते. त्यातील वाळू चाळून घेतली जाते व उरलेला गाळ-गोटा पुन्हा पाण्यात पडतो. डुबी मारणाऱ्याच्या हाताला एखादा खिळा वा खापर लागले तर ते ज्या जागी होते तेथून वर येते. पंपातून आलेल्या वस्तूला जागाच उरत नाही, आणि जागा हरवलेला अवशेष पुरातत्त्वाच्या दृष्टीने निम्मा निरुपयोगी असतो. उपशाने रेल्वे व रस्त्यांच्या पुलांच्या पायांना धोका पोहोचू लागल्याची चिंता व्यक्त झाली, काठ ढासळले, तिवरांची हानी झाली. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाळू उत्खननावर बंदी घातली. त्यानंतरच्या शासकीय धोरणात खाडीपात्रात डुबी व हातपाटी या हाताने वाळू काढण्याच्या पद्धतींना परवानगी ठेवण्यात आली व यांत्रिक उपशावर निर्बंध आले. तरीही चोरट्या उपशाविरुद्ध पंप व पडाव जप्त करण्याच्या कारवाया महसूल विभागास मुंब्रा, डोंबिवली व कल्याणच्या रेतीबंदरांवर पुनःपुन्हा कराव्या लागल्या.